ग्रेनफेलचा अहवाल कसा वाचाल?

संशोधनात उतरण्याआधी एक तरी मोठा चौकशी अहवाल मुळातून वाचा. माझी शिफारस लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या अहवालाची. 14 जून 2017 च्या पहाटे या 24 मजली निवासी इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात आग लागली आणि 72 माणसं गेली. सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा दुसरा, अंतिम अहवाल 4 सप्टेंबर 2024 ला आला. त्याचे खंड सात आहेत, पण घाबरू नका, निदान सारांश तरी वाचाच.

आधी त्याचं बळ बघू. इमारतीला बाहेरून लावलेल्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पातळ थरांत पॉलिथिलीन होतं, आणि आग भराभर वर चढण्याचं मुख्य कारण तेच. मग असा पत्रा चालला कसा? ब्रिटनच्या मार्गदर्शिकेत ‘क्लास झिरो’ नावाची वर्गवारी होती. ती छोट्या नमुन्याच्या पृष्ठभागावरच्या चाचण्यांवर ठरायची. पृष्ठभाग ॲल्युमिनियमचा, जळणार आतलं प्लास्टिक! आपल्या भाषेत सांगायचं तर मोजमाप अचूक असेलही, पण वैध नव्हतं. 2001 मध्ये सरकारसाठी केलेल्या मोठ्या चाचणीत असा पत्रा भडकून जळाला. तो निकाल जाहीर झाला नाही, नियमही कडक झाले नाहीत. चूक इथे तांत्रिक राहत नाही, राजकीय होते.

दुसरं बळ पुराव्यांच्या तुलनेचं. 2009 मध्ये लंडनच्याच लाकानल हाऊसमध्ये सहाजण दगावले. 2013 मध्ये मृत्यू-चौकशी अधिकाऱ्यांनी मार्गदर्शिकेचा फेरविचार सुचवला, तो रेंगाळला. तेव्हाचे मंत्री एरिक पिकल्स यांनी चौकशीत सांगितलं, की नियम कमी करण्याचं धोरण इमारत-नियमांना लागू नव्हतं. अहवालाने हे मानलं नाही, कारण त्या काळातली कागदपत्रं आणि त्यांच्याच अधिकाऱ्यांच्या साक्षी उलट सांगत होत्या. मुलाखतींवर प्रबंध लिहिणार असाल तर हा भाग दोनदा वाचा. वर्षांनंतरची आठवण एकीकडे, त्या दिवशीची टिपणी दुसरीकडे.

आता माझा आक्षेप. सारांशात चुकणारा कर्ता बहुतेक वेळा ‘सरकार’ किंवा ‘खातं’ असतो. 2001 मध्ये मजूर पक्षाचं सरकार होतं, 2010 पासून हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालचं. ‘सरकार चुकलं’ म्हटलं की दोघांनाही मान डोलावता येते आणि दोष कुणाच्याच अंगाला चिकटत नाही. उत्पादक, वास्तुविशारद, कंत्राटदार, नगरपालिका अशी यादी लांबत जाते तसा प्रत्येकाचा वाटा पुसट होतो. तुम्ही म्हणाल, दिवाणी-फौजदारी दोष ठरवायला कायद्यानेच चौकशीला मनाई आहे. बरोबर. पण राजकीय उत्तरदायित्व म्हणजे शिक्षा नव्हे. अमुक तारखेला निर्णय कोणाच्या हातात होता आणि त्याने काय केलं, हे सांगायला कायदा आडवा येत नाही.

शिवाय सगळे कार्यकारण-दुवे सारखे मजबूत नाहीत. चाचणीचा निकाल दाबला गेला आणि धोकादायक पत्रा बाजारात राहिला, हा दुवा जवळचा. नियम कमी करण्याच्या वातावरणामुळे अधिकारी गप्प बसले, हा दुवा लांबचा. तो खोटा नाही, पण त्याला जास्त पुरावा लागतो. दोन्ही एकाच आवाजात मांडले की लांबच्या दुव्यावरची शंका जवळच्यालाही चिकटते, आणि फायदा ज्याने उत्तर द्यायचं त्याचा होतो.

म्हणून वाचताना वहीत तीन रकाने आखा: माहिती कोणाला होती, अधिकार कोणाला होता, कृती काय झाली. प्रत्येक ओळीला तारीख लिहा. एकच नाव पहिल्या दोन्ही रकान्यांत आलं आणि तिसरा रकाना रिकामा राहिला, तर प्रश्न त्या नावाला विचारायचा, ‘व्यवस्थे’ला नाही. अहवालाच्या मते हे सगळे मृत्यू टाळता येण्याजोगे होते. एवढं मोठं विधान केल्यावर ते केव्हा आणि कोणाला टाळता आले असते, हे ओळीओळीने दाखवणं हेही संशोधकाचंच काम आहे.