राजवाडा आणि गंजिफा

ऐतिहासिक वास्तूने कलावंताला आश्रय द्यावा, म्हणजे नेमके काय द्यावे? पुण्याच्या विश्रामबागवाड्यात चित्रप्रदर्शने भरली. तेथे वाडा भिंतीपुरताच उरला. सावंतवाडीच्या राजवाड्याचे तसे नव्हे. शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या दशकात वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून विद्या मिळवून गंजिफांचे लुप्तप्राय चित्रण पुन्हा सुरू केले. दरबाराच्या दालनातच कलावंत बसून पाने रंगवू लागले. निर्मिती आणि प्रदर्शन एकाच छताखाली आले. हे कार्य थोर खरेच.

परंतु दशावतारी गंजिफेच्या १२० पानांपैकी प्रेक्षकाची दृष्टी खिळते ती राजा-प्रधानांच्या वीस पानांवर. उरलेल्या शंभर पानांवर मत्स्य-कूर्मादी चिन्हांची केवळ एक ते दहा अशी मोजदाद असते. आणि खेळ तर याच पानांवर रंगतो. दहांपैकी निम्म्या अवतारांत दहाचे पान एक्क्याहून श्रेष्ठ, निम्म्यांत एक्का दहाहून. हा उलटा क्रम खेळणाऱ्यालाच कळावा. पाहणाऱ्याला ती नुसती नक्षी. राजाश्रयाने रंगविणारा हात वाचविला. खेळणारा हात निर्माण करणे मात्र त्याच्या आवाक्यातले नव्हते, आणि पानावरील लाखेचा गुळगुळीतपणा तर त्याच हातासाठी होता.