अर्थ शब्दाहून सोपा हवा

इंग्रजी शब्दसंग्रह वाढावा म्हणून शब्द व त्यांच्या व्याख्या पाठ करून घेण्याची पद्धत आपल्या शाळांत रूढ आहे. पण व्याख्याच कळली नाही तर? सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात 'नेटवर्क'चा अर्थ 'रेटिक्युलेटेड', 'डिकसेटेड' अशा शब्दांत सांगितला आहे. जाळे राहते बाजूला, वाचकच अडकतो!

ढाक्यात अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी जेम्स एंडिकॉट यांच्यासह १९३५ साली केलेल्या कोशात सारे अर्थ केवळ १,४९० शब्दांत बसवले. लाँगमनच्या १९७८ च्या कोशाने सुमारे २,००० शब्दांची मर्यादा पाळली. कोबिल्डने १९८७ मध्ये पूर्ण वाक्यात अर्थ दिला. त्यामुळे शब्द वापरायचा कसा, हेही कळते. विद्यार्थ्यांच्या हाती असेच कोश द्यावेत, असे आम्हाला वाटते.

मात्र विज्ञानात एवढ्याने भागत नाही. 'वर्क' म्हणजे व्यवहारात श्रम. पण डोक्यावर पाटी घेऊन निश्चल उभा असलेला मजूर घामाघूम झाला, तरी भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्याने पाटीवर कार्य केलेले नसते. म्हणून कोशातला अर्थ सांगून शिक्षकांनी थांबू नये. शब्द कोठे लागू पडतो व कोठे नाही, याची उदाहरणे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावीत.