समूहगानाचा गळा

आमच्याकडे समूहगानाची परीक्षा होते ती बहुधा त्याच्या मोठेपणावरून. पन्नास मुलामुलींचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत घुमला, की गाणे उत्तम झाले, असा निर्णय परीक्षक व प्रेक्षक एकमताने देऊन मोकळे होतात. हा निकष कलादृष्ट्या चुकीचा तर आहेच; पण गाणाऱ्यांच्या गळ्यासही तो अपायकारक आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पहिला दोष षड्जाच्या निवडीत आहे. पुरुषांचा गळा सामान्यतः काळी एक वा दोन या पट्टीत सुखाने चालतो. स्त्रियांचा काळी चार वा पाच या पट्टीत. एकच चाल सर्वांनी मिळून म्हणावयाची, म्हणजे एका पक्षास आपले स्थान सोडणे प्राप्तच आहे. काळी एक धरली तर मुलींचे मंद्र स्वर ऐकू येत नाहीत, व ते ऐकू यावेत म्हणून त्या गळा दाबून गातात. काळी चार धरली तर तार षड्जाकडे जाताना मुलांच्या मानेच्या शिरा फुगतात. युरोपीय वृंदगानात चार जातींच्या गळ्यांस चार निरनिराळ्या स्वरावली असतात. ही योजना स्वरसंवादासाठी आहे हे खरे. तथापि तिच्यामुळे प्रत्येक गळा आपल्या घरी राहतो, हा लाभ काही लहान नव्हे. आम्हांस तो चालीच्या रचनेतूनच साधला पाहिजे. चालीचा पल्ला आटोपशीर ठेवावा, आणि ओळी गळे पाहून वाटून द्याव्यात.

दुसरा दोष कानाचा. भोवती गोंगाट असला की मनुष्य नकळत आवाज चढवितो, हे लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली दाखविले. वृंदात शेजाऱ्याच्या आवाजामुळे आपला स्वर आपणांस ऐकू येईनासा होतो, आणि जो तो दुसऱ्यावर कडी करू लागतो. सेकंदास ४४० कंपनांचा स्वर लावताना स्वरतंतू मिनिटात २६,४०० वेळा एकमेकांस भिडतात; त्यात जोराची भर पडल्यावर तंतूंवर सूज व कालांतराने गाठी आल्यास नवल ते काय? १८५४ साली आरशाच्या साहाय्याने स्वतःच्या गळ्यातील हे तंतू हलताना न्याहाळणारा मान्युएल गार्सिया हा गायनशिक्षकच होता, ही गोष्ट आमच्या शिक्षकांनी विसरू नये.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची तालीम मी पाहत होतो. रोज तीन तास गाणे चाले. अग्रभागी गाणारी मुलगी चौथ्या दिवशी घोगरी झाली. तिला खडीसाखर देण्यात आली, आणि 'जरा जोर लाव' असा उपदेशही. समारंभ टाळ्यांच्या गजरात पार पडला. पुढे कित्येक महिने त्या मुलीस हजेरीच्या वेळी 'हजर' म्हणावयासही सायास पडत. ती पुन्हा गायली नाही.

खडीसाखर किंवा ज्येष्ठमध यांनी घशास बरे वाटते, पण त्यांचा रस स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. अन्ननलिकेची वाट वेगळी आहे. पाण्याचा गुणही घोटागणिक नव्हे, तर शरीरात मुरल्यावर येतो. म्हणून ते दिवसभर पीत असावे. जोराने कुजबुजणे ही विश्रांती नव्हे, मौन हीच विश्रांती. तालमीपूर्वी हलक्या आवाजात गळा तापवावा, मधून मधून थांबावे, लांब ओळीत शेजाऱ्यांनी आळीपाळीने श्वास घ्यावा, आणि घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत न गेल्यास वैद्यास गळा दाखवावा.

यास्तव परीक्षकांस आमची एकच विनंती आहे. गाणे संपताच टाळ्यांचा आवाज मोजू नये. गाणाऱ्यांपैकी कोणाही एकीस जवळ बोलावून तिचे नाव विचारावे. ते तिने सहज व स्वच्छ सांगितले, तर वृंद चांगला गायला असे खुशाल समजावे.