आज शहराचं की शेताचं?

म्युनिकला डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं. अशाच एका शनिवारी 'कार्कासोन'चा डाव संपत आला आणि डोंबिवलीच्या काकांनी गुणांची वही मिटली. "शेताचं काय ठरलं होतं?" कुणीच बोलेना.

खेळ इथलाच, म्युनिकच्या 'हान्स इम ग्लुक' प्रकाशनाचा. क्लाउस-युर्गेन व्रेडे यांनी रचलेला, 2000 साली आलेला. 72 टाइल्स एकेक करून जोडत जायच्या. रस्ते, मठ, तटबंदीची शहरं आणि त्यांच्यामधली शेतं तयार होतात. (आमच्या मुलांनी पहिल्याच शहराला दुर्गाडी किल्ल्याचं नाव दिलं.) शेतात सोंगटी आडवी ठेवली की ती शेतकरी. तो शेवटपर्यंत उठत नाही, त्याचे गुणही शेवटीच.

वाद तिथेच होता. ठाण्याहून आणलेल्या जुन्या पेटीतली पुस्तिका शहरागणिक मोजते: पुऱ्या झालेल्या शहराभोवती ज्याचे शेतकरी जास्त, त्याला 4. नवी पुस्तिका शेतागणिक मोजते: शेताला लागलेल्या प्रत्येक पुऱ्या शहराचे 3. एकच शहर दोघांच्या शेतांना लागलं, तर नव्या हिशेबात दोघांनाही मिळतात. त्यात एक्स्पान्शनमधलं कॅथीड्रल! त्याने पुऱ्या शहराला टाइलमागे 2 ऐवजी 3 मिळतात, अर्धवट राहिलं तर शून्य. मग शेतकऱ्याचेही वाढतात का?

काकांनी सगळ्या पुस्तिका शांतपणे वाचल्या. एक्स्पान्शनची पुस्तिका जेवढं बदलते तेवढंच बदललं, बाकी मूळचं कायम. कॅथीड्रल शहरवाल्याचं, शेतकऱ्याचे 3 तेवढेच. आपल्या मीमांसकांचा उत्सर्ग-अपवादाचा, म्हणजे सामान्य नियम आणि त्याच्या अपवादाचा, विचार याहून वेगळा नाही. आणि शेताचं? "कोणता नियम धरून त्याला आडवं केलंत, तोच." सगळ्यांनी नवी पुस्तिका धरली होती. मी हरले, पण निवाडा मला पटला.

ही नजर मे महिन्यातल्या डोंबिवलीच्या गॅलरीतली. तिथे मेंढीकोटचे पत्ते वाटण्याआधी विचारायचे: बंद हुकूम की कट हुकूम? बिल्डिंग बदलली की नियम बदलायचा, म्हणून आधी विचारायचं. हातातले पत्ते पाहून नियम आठवणाऱ्याला पुढच्या डावाला कुणी बोलवत नसे. परदेशात आम्ही सणवार जपतो, पदार्थ जपतो; काकांनी ही सवय जपली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता पेटी उघडली की आमचा धाकटा टाइल्स पालथ्या मांडता मांडता विचारतो, "आज शहराचं की शेताचं?"