एकशे दहा अँपिअर, पण कोणत्या अटीवर?

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं इलेक्ट्रॉनिक भागांच्या डेटाशीटवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण डेटाशीटमध्ये विधानं असतात, आणि विधानं तपासणं हे तर आमचं कामच.

उदाहरण घेऊ आयआरएफ ३२०५ चं. इन्व्हर्टरमध्ये सर्रास सापडणारा हा मॉसफेट. डेटाशीटच्या पहिल्याच पानावर ठळक आकडा आहे: ११० अँपिअर. तक्त्यात उष्णतेचा आकडा २०० वॅट. आता अकोल्याच्या एखाद्या दुकानात दुरुस्ती करणारा पोरगा हे वाचून भाग बसवतो आणि ऐन मे महिन्यात तो जळतो. त्याचा प्रश्न सरळ असतो: “यावर त एकशे दहा लिहेल हाये, मंग जयलं कसं?”

उत्तर त्याच डेटाशीटमध्ये आहे, पण बारीक अक्षरात. भागाचं बाहेरचं अंग २५ अंशांवर राहिलं, तर ११०. आत २०० वॅट उष्णता तयार होत असताना अंग २५ वर ठेवायचं! आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांची. अंग १०० अंशांवर गेलं की ११० चे ८० होतात. तळटीप आणखी पुढे जाते: पॅकेजची मर्यादा ७५ अँपिअर. म्हणजे ११० हे सिलिकॉनचं गणित झालं, आख्खा भाग तेवढं सोसतच नाही. आणि हीटसिंक न लावता भाग उघडा ठेवला तर? रोध ६२ अंश प्रति वॅट, आतली कमाल १७५ अंश. १७५ मधून ४५ वजा करा, ६२ नं भागा. जेमतेम २ वॅट. कुठे २००, कुठे २!

हे खोटं आहे का? नाही. इथे नैयायिकांची ‘उपाधी’ कामी येते. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे विधान टिकत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी सरपण ओलं लागतं. ही ओल म्हणजे उपाधी, न सांगितलेली अट. आपल्या ११० अँपिअरची ओल म्हणजे ते २५ अंश.

कंपन्यांची बाजूही ऐकू. दोन भागांची तुलना करायला एक समान अट हवी, हे मान्य. मग त्याला तुलनेचा आकडा म्हणा, क्षमता म्हणू नका. आणि जे पॅकेजला झेपत नाही ते पहिल्या पानावर कशाला? नंतरच्या काही मॉसफेटच्या डेटाशीटमध्ये सिलिकॉनची मर्यादा आणि पॅकेजची मर्यादा पहिल्याच पानावर वेगवेगळ्या छापलेल्या आहेत. म्हणजे हे जमत होतं.

सौर पॅनेल हाही सेमीकंडक्टरच. ५४० वॅटचं पॅनेल ५४० देतं ते आतला सेल २५ अंशांवर असताना. वऱ्हाडच्या उन्हात सेल ७० अंशांवर सहज जातो. दर अंशामागे ०.३५ टक्के घट धरली, तर उरतात सुमारे ४५५ वॅट. २०२४ पासून राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे. त्या शेतकऱ्याला पॅनेलवरचा आकडा दिसतो, अट कोणी समजावत नाही.

माझा आक्षेप इथे आहे. अट लपली की चूक आपोआप वापरणाऱ्याच्या नावावर जाते. भाग जळला, तर पोराला काम येत नाही. पाणी कमी आलं, तर शेतकऱ्यानं पॅनेल पुसलं नाही. आकडा छापणारा मात्र नामानिराळा, कारण तळटीप त्यानं दिलेलीच असते.

म्हणून मागणी साधी आहे: आकडा ज्या अक्षरात, अटही त्याच अक्षरात. आणि तोवर दुकानात विचारत जा, “हे ४५ अंशांत किती?” उत्तर आलं नाही, तर छापलेल्या आकड्यावर हिशेब मांडू नका. इथे थांबतो.