डम्बोला उडता आलं नसतं तर?

कान पुढे आलेल्या पोराला शाळेत कुणीतरी 'डम्बो' म्हणतं आणि घरी त्याची समजूत काढायला कुणीतरी 'डम्बो' सिनेमाच लावून देतं. माझ्या बाबतीत दोन्ही झालंय. आता माझा भाचा सहा वर्षांचा आहे, कान मामावर गेलेत आणि ताईने प्लास्टिक सर्जनची अपॉइंटमेंट घेतलीय. तुला काय वाटतं, असं तिने मला विचारलं. उत्तर देण्याआधी मी सिनेमा पुन्हा पाहिला, या वेळी जरा चिकित्सकपणे. कारण अशा ऑपरेशनच्या विरोधात जे बोललं जातं, ते बहुतेक याच सिनेमाचं सार असतं: तुझं वेगळेपण हीच तुझी ताकद.

डिस्नेचा हा १९४१चा सिनेमा जेमतेम ६४ मिनिटांचा आहे. सर्कशीतल्या हत्तिणीला करकोचा पिल्लू आणून देतो. बाकीच्या हत्तिणी कौतुक करत असतात, तेवढ्यात पिल्लाला शिंक येते आणि कान उलगडतात. क्षणात सूर बदलतो. आईने ठेवलेलं नाव जम्बो ज्युनिअर. 'डम्बो', म्हणजे मठ्ठ, हे त्या हत्तिणींनी पाडलेलं नाव. गंमत बघा, पुढे त्याचे मित्रही त्याला हेच म्हणतात आणि पोस्टरवरही हेच छापलं जातं. चिडवणाऱ्यांनी दिलेलं नाव सिनेमा कधीच काढून टाकत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो मनोऱ्याचा प्रसंग. हत्तिणी एकमेकींवर चढून उभ्या राहतात आणि डम्बोने उडी मारून टोकावर जायचं असतं. पायात येऊ नयेत म्हणून त्याचे कान डोक्यावर गाठ मारून बांधलेले असतात. ऐनवेळी गाठ सुटते, तो कानांत अडखळतो, मनोरा आणि तंबू दोन्ही कोसळतात. कान बांधून ठेवायचा उपाय सिनेमाने असा फसवून दाखवला आहे.

खऱ्या ऑपरेशनमध्ये ही गाठ कायमची मारतात. बाहेर आलेल्या कानात बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते: कानाच्या वरच्या भागातली आतली घडी नीट पडलेली नसते, किंवा भोकाभोवतीची वाटी जास्त खोल असते. कानाच्या मागून छेद घेऊन कूर्चेला टाके घालतात, घडी पाडतात, कान डोक्याजवळ आणतात. ऐकण्यात फरक पडत नाही. सहाव्या वर्षापर्यंत कानाची बरीचशी वाढ झालेली असते, म्हणून शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत हे करतात. नवजात बाळाची कूर्चा इतकी मऊ असते, की पहिल्या काही आठवड्यांत नुसता साचा लावूनही काम भागू शकतं.

या ऑपरेशनची पहिली नोंद म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते न्यूयॉर्कच्या एडवर्ड टॅलबट ईली या डॉक्टरने १८८१ साली केलं. रुग्ण बारा वर्षांचा मुलगा होता. त्याला दुखत-खुपत काही नव्हतं. सोबतची मुलं चिडवायची, म्हणून त्याला आणलं होतं. म्हणजे आजार होता सोबत्यांना आणि टाके पडले याला. 'डम्बो' यायच्या साठ वर्षं आधी!

ऑपरेशनवरचा हा आक्षेप मला मान्य आहे. पण मग सिनेमा तरी काय वेगळं करतो? आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे: बग दुरुस्त करता येत नसेल तर त्याला फीचर म्हणायचं. 'डम्बो' नेमकं तेच करतो. शेवटी पिल्लू त्याच कानांवर उडतं आणि लगेच वर्तमानपत्रांचे मथळे झळकतात. कानांचा दहा लाख डॉलरचा विमा. त्याच्या नावाची बॉम्बर विमानं. 'वेड्या'च्या पिंजऱ्यात कोंडलेल्या आईला आता रेल्वेचा खास डबा. चिडवणारं कुणीही माफी मागत नाही. सगळ्यांना फक्त कळतं, की या कानांतून पैसे येतात.

आपण तरी वेगळे कुठे? शूर्पकर्ण म्हणजे सुपासारखे कान असलेला. गणपतीला हे नाव शोभतं, तेच वर्गातल्या पोराला शिवीसारखं लागतं. देव असशील, उडत असशील, तर तुझे कान चालतील.

म्हणून हा सिनेमा ऑपरेशनपेक्षा जास्त माणुसकीचा आहे, असं मला वाटत नाही. ऑपरेशन मुलाकडून काही तास, काही टाके आणि काही आठवडे डोक्याला पट्टी मागतं. सिनेमा त्याच्याकडून चमत्कार मागतो. ज्याला गणितात पन्नास पडतात, ज्याची बॅटिंग बेताची आहे आणि ज्याचे कान पुढे आलेत, अशा मुलासाठी इथे जागाच नाही.

तरीही सिनेमात एक जागा अशी आहे जिथे काही मागितलं जात नाही. कोंडलेल्या आईला भेटायला पिल्लू रात्री जातं. पायात साखळी असल्याने तिला पुढे येता येत नाही. ती गजांतून सोंड बाहेर काढते आणि त्याला त्या सोंडेवर झुलवते. तेव्हा त्याला उडता येत नसतं, कान तेवढेच मोठे असतात आणि ती त्यांच्याकडे बघतही नाही. सिनेमा इथे संपला असता तर कुणी तिकीट काढलं नसतं बहुतेक, पण मुलांना दाखवायचं असेल तर एवढंच दाखवावं.

ताईला मी ना ऑपरेशन कर म्हटलं, ना नको म्हटलं. आधी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेशी बोल, म्हटलं, कारण टाके घालूनही चिडवणारी पोरं तीच राहणार आहेत. मग त्याला विचार. सहा वर्षांच्या मुलाला आरशात काय खुपतं आणि वर्गात काय खुपतं, यातला फरक सांगता येतो. 'हो' म्हणाला, तर त्याला घाबरट ठरवू नका. 'नको' म्हणाला, तर 'बघ, एक दिवस तूही उडशील' असं सांगू नका. मी दहावीपर्यंत कानांवरून केस ओढून घ्यायचो. मला उडायचं नव्हतं, मे महिन्यात केस बारीक कापून घ्यायचे होते.