पुनर्दृश्यांकन आणि पुरावा : चकमकींवरील माहितीपटांची चिकित्सा

हिस्टरी चॅनेलच्या ‘शूटआऊट!’ (२००५) या मालिकेने अमेरिकी लष्कर व पोलिसांच्या प्रत्यक्ष चकमकी अभिनय आणि संगणकीय चित्रांच्या साहाय्याने पुन्हा उभ्या केल्या. या प्रकाराची मर्यादा त्याच्या तंत्रातच आहे. निवेदन प्रामुख्याने जिवंत राहिलेल्या शस्त्रधाऱ्याचे असते. ते दृश्यरूप झाले की साक्ष आणि घटना यांतील अंतर प्रेक्षकास जाणवत नाही. याउलट डॅन रीड यांच्या ‘टेरर इन मुंबई’ (२००९) या माहितीपटात हल्लेखोरांचे ध्वनिमुद्रित दूरध्वनी-संभाषण व सीसीटीव्ही चित्रण हाच कथनाचा कणा आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ कलात्मक नाही. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या सुमारे ९९ पोलीस चकमकींत सुमारे १३५ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांत स्वतंत्र तपास व दंडाधिकारीय चौकशी यांचा समावेश आहे. न्यायालय ज्या कथनाची तपासणी आवश्यक मानते, तेच कथन पुनर्दृश्यांकन सिद्ध सत्य म्हणून मांडते. म्हणूनच अशा मालिकांचे मूल्यमापन थरारावरून न करता, त्या पुरावा आणि कल्पना यांतील सीमारेषा कितपत स्पष्ट ठेवतात, या निकषावर होणे उचित ठरते.